ताळगावला आणावं की वाळपईला जावं?

सत्तरी-काणकोण या आडबाजूच्या तालुक्यांतल्या मुलांना कॉलेजसाठी तयार करायला गोवा विद्यापीठापुढे दोन वाटा आहेत. एक, शाळांना ताळगावच्या पठारावर, विद्यापीठाच्या आवारात बोलवावं. ग्रंथालय, प्रयोगशाळा बघून पोरं हरखतात; पण कदंबा बस पकडून घरी परतली की संपलं.

दुसरी, एम.ए., एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी दर शनिवारी सत्तरीतल्या वाळपईच्या शाळेत बसावं. दिसायला किरकोळ काम. पण गावडा, कुणबी, वेळीप समाजांना २००३ पासून अनुसूचित जमातीचा दर्जा असूनही, घरातलं पहिलंच कॉलेजात जाणारं मूल जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि शिष्यवृत्तीची मुदत यांतच अडकतं. तिथे शेजारी बसून कागद लावून देणारी ताई हवी. इंग्रजीची धास्तीही तशीच जाते.

माझं मत दुसरीला. सहल काढायचीच तर बसभाडं विद्यापीठाने द्यावं!