एक्मोवरच्या पेशंटचा व्हेंटिलेटर: किती खाली आणायचा, झोपवायचं की जागं ठेवायचं?

एक्मो (रक्त शरीराबाहेर नेऊन कृत्रिम फुप्फुसातून फिरवणारं मशीन) सुरू झालं की रक्तात ऑक्सिजन घालणं आणि कार्बन डायऑक्साइड काढणं, ही दोन्ही कामं बरीचशी मशीनकडे जातात. व्हेंटिलेटरवरचा बोजा उतरतो, पण तो सोडूनही देता येत नाही. सेटिंग किती खाली आणायची, हे पहिल्या काही तासांतच ठरवावं लागतं. आयसीयूत नव्याने जबाबदारी घेणाऱ्या डॉक्टरांसाठी हे लिहितो आहे.

आधी बघा, एक्मो व्हीव्ही आहे की व्हीए. व्हीव्हीमध्ये रक्त शिरेतून काढून शिरेतच परत जातं. हृदय स्वतःच्या बळावर चालतं, आणि फुप्फुसाला विश्रांती देणं हाच सगळ्या खटाटोपाचा हेतू असतो. व्हीएमध्ये रक्त धमनीत परततं. जांघेतल्या कॅन्युलातून (जाड नळीतून) ते उलट दिशेने वर चढतं आणि थकलेल्या डाव्या जवनिकेला (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याला) त्याविरुद्ध ढकलावं लागतं. त्यामुळे फुप्फुसात पाणी साठू शकतं, तिथे पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) उपयोगी पडतं. मात्र ते फार वाढवलं तर हृदयाची उजवी बाजू दमते.

व्हीएमधला खरा धोका हृदय सुधारू लागल्यावर येतो. फुप्फुस अजून खराब, पण हृदय जोर धरतंय. अशा वेळी ऑक्सिजन न मिळालेलं रक्त हृदयातून थेट मेंदूकडे आणि हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांकडे जातं. पायाच्या बोटावर सॅच्युरेशन ९९ आणि उजव्या हाताच्या बोटावर ७८, असं चित्र दिसतं. म्हणून आर्टिरियल लाइन (धमनीतली बारीक नळी) उजव्या हाताला घाला आणि एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) तिथूनच काढा. डाव्या हाताचा किंवा पायाचा आकडा चांगला दिसला म्हणून व्हेंटिलेटरचा ऑक्सिजन उतरवू नका. व्हीएवर व्हेंटिलेटर कमी करायला मी नेहमीच हात आखडता घेतो.

व्हीव्हीमध्ये मात्र कमी करायला भरपूर वाव असतो. तिथे निवड अशी: नेहमीचं संरक्षक व्हेंटिलेशन, त्याहून खाली उतरणारं अतिसंरक्षक, की जवळजवळ श्वासच न देणं.

नेहमीच्या पद्धतीला भक्कम आधार आहे. २००० साली आलेल्या अमेरिकेतल्या एआरडीएसनेट या संशोधन गटाच्या चाचणीत एआरडीएसचे (फुप्फुसाच्या गंभीर सुजेचे) ८६१ पेशंट होते. उंचीवरून काढलेल्या वजनामागे किलोला १२ मिलीऐवजी ६ मिली टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) दिल्यावर मृत्यूचं प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आलं. पण ते पेशंट एक्मोवर नव्हते. एक्मोची गरज पडलेल्या फुप्फुसाचा हवा घेणारा भाग इतका आक्रसलेला असतो की त्याला ६ मिलीदेखील जास्त होतात. गंभीर एआरडीएसमध्ये एक्मो तपासणाऱ्या २०१८ च्या इओलिया चाचणीत एक्मो गटात प्लॅटो प्रेशर (श्वास भरून क्षणभर थांबवल्यावरचा दाब, सेंमी पाण्यात) २४ किंवा त्याखाली, पीप किमान १० आणि ऑक्सिजन ३० ते ६० टक्के ठेवला होता. सुरुवात म्हणून मी हेच धरतो. ड्रायव्हिंग प्रेशर (प्लॅटो वजा पीप) १५ च्या आत, जमलं तर आणखी कमी.

त्याहून खाली जावं का? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक देशांतल्या ३५० पेशंटच्या पाहणीत एक्मोनंतर टायडल व्हॉल्यूम किलोला ६.४ वरून ३.७ मिलीवर आलेलं होतं. म्हणजे अतिसंरक्षक पद्धत सर्रास रुळलेली होती, आणि तिच्यातल्या लहानसहान फरकांचा जगण्या-मरण्याशी संबंध आढळला नाही. म्हणून प्लॅटो २२ की २४ यावर वाद घालत बसू नये. मिनिटाला चार-पाचच श्वास देण्याच्या कल्पनेला मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आधार आहे. ती सरसकट वापरू नये. प्रेशर उतरवण्याच्या भरात पीपही काढून घेतलं, तर फुप्फुस पूर्ण मिटतं, एक्स-रे पांढराफटक होतो आणि सर्किट अडलं तर हाताशी काहीच उरत नाही.

मोड निवडायचा झाला तर प्रेशर कंट्रोल, म्हणजे दर श्वासाला ठरलेला दाब देणारा. प्रेशर तेच ठेवलं की रोजचं टायडल व्हॉल्यूमच फुप्फुसाची तब्येत सांगतं: काल १२० मिली, आज १८०, म्हणजे सुधारणा आहे.

कार्बन डायऑक्साइड काढायचा तो स्वीप गॅसने (एक्मोच्या कृत्रिम फुप्फुसातून सोडलेल्या वायूने), पण सुरुवातीला सावकाश. रक्तातला त्याचा ८० वरून एकदम ४० वर (मिमी पारा) आणलेला आकडा मेंदूला मानवत नाही, रक्तस्रावाशी त्याचा संबंध दिसला आहे.

पालथं झोपवणं व्हीव्हीवरही करता येतं. मात्र २०२३ च्या फ्रान्समधल्या १७० पेशंटच्या चाचणीत ६० दिवसांत एक्मो यशस्वीपणे सुटण्याचं प्रमाण पालथं केलेल्या आणि न केलेल्या दोन्ही गटांत ४४ टक्केच होतं. सगळ्यांना पालथं करण्याचा आग्रह धरू नये.

झोपवायचं की जागं ठेवायचं, हे सगळ्यात अवघड. जागा पेशंट खोकतो, हालचाल करतो, नातेवाइकांशी खुणेने बोलतो, स्नायू टिकवतो. फुप्फुस प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्यासाठी तर हेच हवं. पण सुजलेलं फुप्फुस श्वासाची हाव सुटल्यासारखं ओढू लागतं आणि तो जोर फुप्फुसालाच इजा करतो. माझी पद्धत अशी: सेडेशन (झोपेचं औषध) हळूहळू कमी करायचं आणि स्वीप वाढवून बघायचं. मिनिटाला ३५ श्वास घेणारा पेशंट थोड्या वेळात २० वर आला, मानेचे स्नायू सैल पडले, तर त्याला जागं ठेवा. स्वीप वाढवूनही ओढ तशीच राहिली तर दोन-तीन दिवस झोपवा आणि पुन्हा प्रयत्न करा. आजाराच्या पहिल्याच दिवसांत जागं करायची घाई करू नये.

सुटकेची वेळ आली की व्हीव्हीमध्ये व्हेंटिलेटर आधी बेताच्या सेटिंगवर आणायचा, ऑक्सिजन ६० टक्क्यांच्या आत ठेवायचा आणि मग स्वीप बंद करून काही तास एबीजी बघायचे. व्हीएमध्ये फ्लो कमी करताना इको करणारे डोळे हृदयावर असतात. त्याच वेळी उजव्या हाताचा एबीजी काढून फुप्फुस एकट्याने काम पेलतंय का, हे कॅन्युला काढण्याआधी तपासा. पेलत नसेल आणि हृदय सावरलं असेल, तर व्हीव्हीवर नेण्याचा विचार करायचा.