मुंबई-पुणे-मुंबई: पहिला की दुसरा?

चवथीला म्हापशात सगळी भावंडं जमलो आणि या पिक्चरचे पहिले दोन भाग लागोपाठ बघितले. २०१० चा पहिला म्हणजे फक्त स्वप्नील जोशी, मुक्ता बर्वे आणि पुण्यातला एक दिवस, बाकी कायच नाही, पण दोघं सारखी एकमेकांना टोमणे मारतात ना, त्या भांडणातच प्रेम कधी सुरू झालं कळत पण नाही, आणि एकमेकांची नावं सुद्धा विचारत नाहीत!

२०१५ च्या दुसऱ्यात लग्नघर, दोन्हीकडची माणसं, वर तिचा जुना मित्र. दिसायला मस्त, प्रशांत दामले तर भारीच. पण दोघांनी बसून दहा मिनिटं सरळ बोलले असते तर पिक्चरच संपला असता, मग टेन्शन कसलं येणार? आई मात्र दुसऱ्याच्याच बाजूने, साड्यांसाठी.