लहान कफ आणि घरगुती डिजिटल रक्तदाबमापक : मुलांच्या नोंदींसाठी कितपत उपयोगी?

मुलाचे वजन उंचीच्या मानाने जास्त असल्यामुळे बालरोगतज्ज्ञांनी त्याच्या रक्तदाबावर पुढची काही वर्षे लक्ष ठेवायला सांगितले, आणि त्यासाठी आम्ही दंडावर बांधायचे डिजिटल यंत्र घेतले. यंत्राबरोबर २२ ते ३२ सेंटिमीटर घेराचा कफ आला; १७ ते २२ सेंटिमीटरचा लहान कफ मात्र वेगळा मागवावा लागला. मुलासाठी यंत्र घेणाऱ्याने आधी कफच पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. खांद्याचे हाड आणि कोपर यांच्या मधोमध टेपने दंडाचा घेर मोजावा. कफमधली फुगणारी पिशवी त्या घेराचा किमान ८० टक्के भाग वेढणारी हवी. कफ तोकडा पडला तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो, प्रमाणाबाहेर मोठा असला तर कमी.

वर्षानुवर्षांच्या नोंदींत हा दोष फार फसवा ठरतो, कारण मुलाचा दंड भरत जातो, कफ तोच राहतो आणि वहीतला आकडा रक्तदाब वाढल्यासारखा चढत जातो. म्हणून घेर २२ सेंटिमीटरवर पोहोचला तेव्हा आम्ही एकाच बैठकीत दोन्ही कफांनी मोजून दोन्ही आकडे तारखेसह लिहून ठेवले.

यंत्राची मोजणी समाधानकारक आहे. पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून मुलाला पाच मिनिटे शांत बसवले आणि उजवा हात हृदयाच्या पातळीवर ठेवला की लागोपाठच्या आकड्यांत फारसा फरक पडत नाही. पहिला आकडा तेवढा बहुधा चढा येतो.

खरी तक्रार पडद्यावरच्या रंगीत पट्टीची आहे, कारण ती सर्वांना प्रौढांचेच निकष लावते. सात वर्षांच्या मुलाचा रक्तदाब ११८/७६ आला तरी ती हिरवीच राहील. प्रत्यक्षात त्या वयात १०६/६८ पासूनच पुढची तपासणी सुचवली जाते. तेरा वर्षांखालील मुलांचा आकडा वय, लिंग आणि उंची यांच्या तक्त्यावर ताडून पाहावा लागतो. १३०/८० ही सरसकट मर्यादा त्यानंतरची. ही सूचना माहितीपत्रकात ठळकपणे असायला हवी होती.

अमेरिकेत लुइझियाना राज्यातील बोगालुसा येथे १९७३ पासून चाललेल्या अभ्यासात, बरोबरीच्या मुलांपेक्षा ज्यांचा रक्तदाब जास्त होता त्यांच्यापैकी अनेकांचा मोठेपणीही तुलनेने जास्तच राहिल्याचे दिसले. त्यामुळे एखाद्या दिवसाच्या आकड्यापेक्षा कल महत्त्वाचा आहे. यंत्राची स्मृती त्याला पुरत नाही. जागा भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात, म्हणून वही हवीच.

स्थूलता, मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असलेल्या मुलांच्या घरी, डॉक्टरांनी सुचवले असल्यास, लहान कफसह हे यंत्र जरूर घ्यावे. इतर मुलांसाठी तिसऱ्या वर्षापासून दवाखान्यात वर्षातून एकदा केलेली मोजणी पुरेशी आहे. निदान मात्र घरच्या आकड्यांवरून करू नये. तीन वेगवेगळ्या भेटींत डॉक्टरांनी मोजून खात्री करावी लागते, आणि पहिल्याच भेटीला यंत्र सोबत नेले तर त्याचा आकडा त्यांच्या आकड्याशी तिथेच पडताळता येतो.