बबल टिप ॲनिमोन: वर्षभर सांभाळल्यानंतरचा अनुभव

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत ॲनिमोन, म्हणजे दगडाला चिकटून राहणारा, तोंडाभोवती बोटांसारखे शुंडके असलेला समुद्री प्राणी, ठेवावा का, असं कुणी विचारलं की मी आधी टाकीचं वय विचारतो. सहा महिन्यांच्या आतली असेल तर सरळ थांबायला सांगतो. माशांच्या घाणीतून तयार होणारे विषारी अमोनिया आणि नायट्राइट शून्य आले म्हणजे टाकी तयार झाली, असं मासे आणताना चालून जातं. ॲनिमोनला तेवढं पुरत नाही. त्याला पाणी दिवसेंदिवस एकसारखं लागतं, आणि नव्या टाकीत नेमकं तेच मिळत नाही.

माझी टाकी तीन फुटी, साधारण २०० लिटरची. पुण्यातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, थेट ऊन येणार नाही अशा भिंतीला. भारतात दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे माझ्याकडे एकही प्रवाळ नाही. कोरड्या दगडांवर टाकी उभी केली, दोन ऑसेलॅरिस क्लाउनफिश सोडले, दगडांवर जांभळं शेवाळ धरल्यावर मग बबल टिप आणला. तोही समुद्रातून काढलेला नाही, एका ओळखीच्या हौशी माणसाच्या टाकीत फुटून तयार झालेला. बबल टिप, म्हणजे शुंडकांच्या टोकांना फुगे असलेला एन्टाकमिया क्वाड्रिकलर, टाकीत आपोआप फुटून एकाचे दोन होतो. असे टाकीत वाढलेले मिळत असताना समुद्रातला घ्यायची काहीच गरज नाही.

दुकानातून घेणार असाल तर पांढराशुभ्र ॲनिमोन कितीही देखणा दिसला तरी घेऊ नका. तो पांढरा असतो कारण त्याच्या अंगातलं सूक्ष्म शैवाल निघून गेलेलं असतं, आणि त्याचं बहुतेक पोट या शैवालावरच चालतं. भडक पिवळे किंवा गुलाबी दिसणारे कित्येकदा रंगवलेले असतात. घेण्यापूर्वी तीन गोष्टी बघा: तोंड मिटलेलं आहे का, बोटाने हलकेच स्पर्श केल्यावर शुंडके चिकटतात का, आणि तळाचा पाय कुठे फाटलेला नाही ना. दगडावरून ओरबाडून काढताना पाय फाटला तर तो जगणं अवघड.

सामानात खरा खर्च दिव्याचा. निळी-पांढरी एलईडी, दिवसाला आठ-नऊ तास, ॲनिमोन बसलाय तिथे पीएआर (शैवालाला वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप) साधारण १५० ते २००. आणल्यावर पहिले काही आठवडे प्रकाश कमी ठेवून हळूहळू वाढवला. सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारटपणा, ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), तापमान २५ ते २७ अंश. पुण्यात एप्रिल-मे मध्ये हे तापमान राखणं हीच मोठी लढाई. मी चिलर घेतला नाही, पाण्यावर दोन पंखे लावले. त्याने दोन-तीन अंश उतरतात, पण बाष्पीभवन इतकं होतं की रोज पाणी घालावं लागतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून सॅलिनिटी चढते. ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र, लावल्यावरच ही कटकट संपली. त्यात आरओ-डीआय फिल्टरचं, विरघळलेले क्षार पूर्ण काढलेलं (शून्य टीडीएस) पाणी भरलेलं असतं. पंख्यांवर भागवायचं असेल तर ऑटो टॉप-ऑफशिवाय ॲनिमोन ठेवू नये, या मताचा मी झालोय.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलवत ठेवणारा पंप, इन्व्हर्टरवर चालतो. दिवा बंद राहिला तर एका दिवसात काही बिघडत नाही, पाणी हलायचं थांबलं तर बिघडतं. आणखी एक, घरातल्यांना ठणकावून सांगा: टाकीच्या खोलीत डास मारायचं लिक्विड किंवा फवारा नको. त्यातली पायरेथ्रॉइड्स मासे आणि कोळंबी यांना अगदी थोड्या प्रमाणातही घातक असतात. तसंच तांबं. माशांच्या रोगावरची तांब्याची औषधं मुख्य टाकीत कधीच घालायची नाहीत, आजारी मासा वेगळ्या टाकीत हलवायचा.

आता ज्याची सगळ्यांना धास्ती असते ते चालणं. ॲनिमोन आपली जागा स्वतः निवडतो. मी मोठ्या दगडाच्या खाचेजवळ ठेवला, त्याने दोन रात्रींत मागच्या बाजूला मुक्काम हलवला, मग हळूहळू वर चढला आणि जिथे पाय खाचेत खोल घालून तोंड प्रकाशाकडे करता येतं तिथे स्थिरावला. तेव्हापासून तो तिथेच आहे. या काळात वेव्हमेकरला स्पंजची जाळी लावणं अनिवार्य. पात्यात सापडलेला ॲनिमोन स्वतः तर मरतोच, सगळ्या टाकीचं पाणी नासवतो.

खाऊ घालणं हा माझा सर्वांत आवडता भाग, आणि त्यावरच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. पुरेसा प्रकाश असेल तर बबल टिपला वरचं खाणं जगण्यासाठी फारसं लागत नाही. वाढीसाठी उपयोगी पडतं, इतकंच. मी आठवड्यातून एकदा देतो. मंडईतून आणलेली ताजी कोळंबी सोलून, धुऊन, छोटे तुकडे करून फ्रीजरमध्ये ठेवतो. कधी तिसऱ्यांचं मांस, कधी मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव). तुकडा करंगळीच्या नखाएवढाच. मोठा दिला की रात्री गिळतो आणि सकाळी अर्धवट बाहेर टाकतो, मग नायट्रेट वाढतं.

देण्याची पद्धत अशी. वेव्हमेकर बंद करायचा. टाकीत एक क्लीनर कोळंबी आहे, ती हमखास तोंडातला घास पळवते, म्हणून आधी तिला दुसऱ्या टोकाला काहीतरी द्यायचं. मग लांब चिमट्याने तुकडा शुंडकांना लावायचा, तोंडावर कोंबायचा नाही. टोकाचे फुगे त्याला चिकटतात, आजूबाजूचे शुंडके वळतात, सगळी चकती मधे आखडते आणि तोंडाची फट रुंदावते. तुकडा आत जाईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जातात. बघत बसलं की वेळ कसा जातो कळत नाही.

क्लाउनफिशनी त्याला लगेच जवळ केलं नाही. निसर्गात ऑसेलॅरिसचं घर असलेले ॲनिमोन तीन, आणि त्यांत बबल टिप नाही. टाकीत मात्र बऱ्याचदा स्वीकारतात. माझी मादी बरेच दिवस लांबूनच बघत होती, मग एका रात्री आत शिरली आणि आता बाहेरच येत नाही. दिलेल्या पेलेट्सपैकी काही तोंडात धरून ॲनिमोनच्या मधोमध नेऊन टाकते. शिवाय माशाच्या उत्सर्गातला अमोनिया ॲनिमोनच्या शैवालाला खत म्हणून मिळतो, त्यामुळे ती आल्यापासून त्याचा तपकिरी-हिरवा रंग जास्त गडद झालाय.

नवख्यांना घाबरवणारं एक दृश्य: कधीकधी तो पूर्ण आक्रसतो, तोंडातून तपकिरी धागे सोडतो, मेल्यासारखा दिसतो. बहुतेक वेळा ती फक्त विष्ठा असते, काही तासांत परत फुलतो. फुगे जाऊन शुंडके लांब, बारीक होणं हेही आजारपण नव्हे. काळजी करायची ती तोंड उघडं राहिलं, पाय सुटून टाकीत वाहत राहिला आणि वास येऊ लागला तर. मग वाट पाहू नका, लगेच बाहेर काढा.

पावसाळ्यात तो एके दिवशी आडवा ताणलेला दिसला, मधोमध खाच पडलेली. संध्याकाळी दोन्ही बाजू पायासकट वेगळ्या झाल्या, फाटलेल्या कडा आतल्या बाजूला वळून मिटल्या. आठवडाभर त्यांना खाऊ दिला नाही, तोंडं नीट घडल्यावर सुरू केला. आता दोघेही एकाच दगडावर दोन टोकांना बसलेत.

हा प्राणी नीट राहिला तर फार जगतो. स्कॉटलंडमध्ये १८२८ साली सर जॉन डॅलिएल यांनी किनाऱ्यावरून आणलेला एक समुद्री ॲनिमोन, जात वेगळी, १८८७ पर्यंत एडिंबरात जिवंत होता. म्हणून हे घेताना पुढच्या काही वर्षांचा विचार करावा: घर बदलणार आहात का, लांबच्या गावाला गेलात तर टॉप-ऑफचं पाणी कोण भरणार. माझ्या शेजारच्या काकूंना मी ते शिकवलंय, आणि त्या दिवसातून दोनदा येऊन बघून जातात.

ज्यांची टाकी जुनी आहे, ज्यांच्याकडे चांगला दिवा आणि ऑटो टॉप-ऑफ आहे, त्यांनी बबल टिप नक्की ठेवावा. फुटून झालेल्या दोघांतला दुसरा मी एका ओळखीच्यांना देणार आहे, पण त्यांच्या टाकीची सॅलिनिटी सलग महिनाभर स्थिर दिसल्यावरच.