रुग्णभेटीसाठी फादरांची तेलाची डबी: पितळी की स्टीलची?

रुग्णालयात आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगासाठी, म्हणजे आजाऱ्याला प्रार्थनेसह पवित्र तेल लावण्याच्या ख्रिस्ती विधीसाठी, आम्ही स्टीलचीच डबी सुचवू. पितळी डबी देखणी खरी, पण आतला मुलामा उडाला की तेल कळकतं. झाकण आट्यांचं असावं आणि त्यात रबरी चकती हवीच, नाहीतर खिशाला डाग ठरलेला. तेल नुसतं ओतू नका. तळाशी कापूस बसवून तो भिजेल इतकंच घाला. कपाळाला आणि हातांना अंगठ्याने लावायला तेवढं पुष्कळ होतं.

अतिदक्षता विभागात कापसाची काडी वापरावी, मात्र रुग्णाला लावलेली काडी पुन्हा डबीत बुडवू नये. संसर्ग तसाच पुढच्या खाटेपर्यंत पोचतो. ऑक्सिजन चालू असेल तिथे मेणबत्ती अजिबात नको. पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, बिशपांनी आशीर्वादित केलेलं नवं तेल आलं की जुना कापूस जाळावा, डबी धुऊन पूर्ण कोरडी करावी.