व्होडाकॉम कप की रग्बी चॅलेंज?

दक्षिण आफ्रिकेच्या प्रांतिक रग्बीत करी कपचा मान मोठा, पण माझा जीव गुंतला तो त्याच्या खालच्या दोन स्पर्धांत. व्होडाकॉम कप 1998 ते 2015 चालला. रग्बी चॅलेंजला 2017 ते 2019 असे तीनच हंगाम मिळाले.

व्होडाकॉम कप सुपर रग्बी या अनेक देशांच्या संघांच्या मोठ्या स्पर्धेच्याच दिवसांत व्हायचा. बडे खेळाडू तिकडे गेले की प्रांताची जर्सी नवख्या पोरांच्या अंगावर यायची. त्यात अर्जेंटिनाचा पाम्पास संघ समुद्र ओलांडून यायचा, पोचेफस्ट्रूममध्ये मुक्काम ठोकायचा. 2011 मध्ये तर चषकच घेऊन गेला! पाहुण्यांना घरच्या चषकासाठी असं मोकळेपणाने झुंजू देणं मला फार भावतं.

रग्बी चॅलेंजचे विजेते मात्र बघाच: वेस्टर्न प्रॉव्हिन्स, पुमाज, ग्रीक्वाज. तीन वर्षांत तीन वेगळे, त्यातले शेवटचे दोन सुपर रग्बीत स्वतःचा संघ नसलेल्या प्रांतांचे. किंबर्लीच्या ग्रीक्वाजसाठी 2019 चा तो चषक केवढा मोलाचा!

रंगत व्होडाकॉम कपमध्ये जास्त होती, माझं मत त्यालाच. पण चॅलेंज इतक्या लवकर बंद पडायला नको होतं; छोट्या प्रांतांचा त्यात नुकताच जम बसत होता.