चालत्या कर्नेलचा कोड बदलायला शिकायचंय? व्हिजनफाइव्ह २ बोर्ड घ्या

सोलापुरात कर्नेलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, अभ्यास करणाऱ्या बहुतेकांच्या हाताशी इंटेल किंवा एएमडीचा लॅपटॉप असतो. त्यावर चालता कोड बदलला की तो बहुधा चालून जातो, आणि नेमकं तिथंच शिकणं अडतं. एक्स८६ मध्ये, म्हणजे या इंटेल-एएमडी प्रोसेसरांमध्ये, लिहिलेले बाइट इन्स्ट्रक्शन कॅशेपर्यंत (चालवायच्या आज्ञांचा कोअरजवळचा साठा) पोचवायचं काम हार्डवेअरच करतं. इतर कोअरचा प्रश्न मात्र उरतोच. म्हणून लिनक्स बदलायच्या आज्ञेच्या पहिल्या बाइटवर आयएनटी३ (एका बाइटची ब्रेकपॉइंट आज्ञा) ठेवतो, मग बाकीचे बाइट लिहितो, पहिला सगळ्यात शेवटी. प्रत्येक टप्प्यावर सगळ्या कोअरना आयपीआय, म्हणजे एका कोअरने दुसऱ्याला दिलेला इंटरप्ट.

व्हिजनफाइव्ह २ हा रिस्क-व्ही आर्किटेक्चरचा छोटा बोर्ड. त्यावरच्या जेएच७११० चिपमध्ये चार यू७४ कोअर आहेत आणि असे लाड अजिबात नाहीत. करून बघा: एममॅप या सिस्टिम कॉलने लिहिता आणि चालवता येईल असं मेमरीचं पान घ्या, त्यात हेक्स ००१००५१३ (ए० या रजिस्टरमध्ये १) आणि ००००८०६७ (रिटर्न) लिहा, कॅशे साफ करून चालवा. आता पहिला शब्द ००२००५१३ करा आणि साफ न करता पुन्हा चालवा. उत्तर २ यायला हवं, पण जुनाच १ येऊ शकतो. फेन्स.आय (इन्स्ट्रक्शन कॅशे ताजी करणारी आज्ञा) घातलं की सुटतं, पण फक्त त्याच कोअरपुरतं! शेड्युलरने थ्रेड दुसरीकडे हलवला की पुन्हा तेच. त्यामुळे यूजरस्पेसमध्ये (कर्नेलबाहेरच्या साध्या प्रोग्रॅममध्ये) थेट फेन्स.आय नको, जीसीसी कंपायलरचं क्लिअर-कॅशे बिल्टइन वापरा, ते कर्नेलकडून सगळ्या कोअरवर करून घेतं.

एफट्रेसमध्ये, म्हणजे कर्नेलची फंक्शन चालताना टिपणाऱ्या साधनात, खरी गोम कळते. इथं कॉल म्हणजे एयूआयपीसी आणि जेएएलआर या दोन आज्ञांची ८ बाइटांची जोडी. थ्रेड दोन्हींच्या मधोमध प्रीएम्प्ट झाला (शेड्युलरने थांबवला) आणि तेवढ्यात जोडी बदलली, तर उडी भलत्याच पत्त्यावर. स्टॉप-मशीननेही, म्हणजे बदलापुरते सगळे कोअर थांबवूनही, हे टळत नाही.

एआरएम प्रोसेसरचा रास्पबेरी पाय ४ बोर्ड हा या दोन्हींमधला मार्ग आहे. कॅशे साफ करायची आज्ञा सगळ्या कोअरना पोचते, आयएसबी (आधीच आणलेल्या आज्ञा टाकून नव्या आणायला लावणारी आज्ञा) मात्र ज्याची त्याला करावी लागते. शिवाय ४ बाइटांचा नॉप (काहीच न करणारी आज्ञा) कोड चालू असतानाच ब्रँचमध्ये (उडीच्या आज्ञेत) बदलता येतो. सोयीचा आहे, पण शिकण्यासाठी आमची पसंती व्हिजनफाइव्हलाच.

सिरियल केबल ३.३ व्होल्टचीच हवी: पिन ६ ग्राउंड, ८ टीएक्स, १० आरएक्स, वेग ११५२००. पॅनिकचा (कर्नेल कोसळतानाचा) मजकूर तिथंच वाचता येतो. प्रयोगांना ४ जीबी रॅम पुरते. कर्नेल लॅपटॉपवरच बोर्डासाठी क्रॉस-कंपाइल करा. आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा हीटसिंक आणि छोटा पंखा बोर्डासोबतच मागवा.